कुळमास्तरांचा सुट्टीचा वर्ग

"म्हातारे उपाशी उठले! कोण तो पापी, ज्यानं घरच्या म्हाताऱ्यांचं पान वाढलं नाही?"

कुळमास्तर ओरडत होते. आवाज असा, की ते थळच्या शाळेत खोकले तरी समुद्रातल्या खांदेरीवरचे कावळे हवेत उठायचे. यात निम्मं माझं, निम्मं खरं. पाप एवढंच, की एका पोरानं फळ्यावर 'लाइट' लिहिताना मधले जी आणि एच गाळले होते. "ते बोलत नाहीत रे," मास्तर आवाज उतरवून म्हणाले, "म्हणून काय त्यांना घराबाहेर काढायचं?"

लाइट, नाइट, फाइट, राइट. शेवटची चार अक्षरं सारखी, म्हणजे सगळी सख्खी भावंडं. इंग्रजी शब्दांची अशी कुळं त्यांनी एका जाड वहीत लावली होती. सोयरीक जमवणाराही इतक्या खोलात शिरत नसेल. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक कुळ सांभाळायला दिलेलं. कोळीवाड्यातल्या एकाला साबणाच्या कागदावर 'ब्राइट' सापडला, तेव्हा मास्तरांनी त्याचं बारसं करून गूळ वाटला. मी शेजारच्या खोलीत दुसरीला शिकवीत असे. वास येताच माझी पन्नासच्या पन्नास पोरं इंग्रजीत दाखल झाली.

स्वतःचं मात्र त्यांना कुणी नव्हतं. देशावरचा माणूस, दिवाळीनंतर आमच्या शाळेत आलेला. हिराबायच्या पडवीतल्या खोलीत एकटे राहत. टपालवाल्याची सायकल त्या दारापुढे कधी हळूसुद्धा झाली नाही. दोरीवर बोंबील टाकता टाकता हिराबाय विचारी, "मास्तर, सगल्यांची कुलं जमवता, तुमचा कवा जमवाचा?"

मास्तर वहीचं शेवटचं पान उघडत. तिथे एकच शब्द, 'यॉट'.

"ही होडी आहे, बाय. हिच्यासारखा शेवट असलेलं दुसरं कुणी मला सापडलं नाही."

"मंग सोरा तिला पान्यात," हिराबाय म्हणे, आणि पुढचा बोंबील उचली.

पहिल्याच पावसाळ्यात वरून हुकूम आला, सातवीपर्यंत इंग्रजी बंद. आमची शाळा सातवीपर्यंतच. हेडमास्तरांनी सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी पोरं आपणहून येत असतील तर वर्ग घ्या, मी तुम्हाला ठेवून घेतो. नाहीतर बदलीच्या कागदावर सही करा." मास्तर मला म्हणाले, "एक जरी आलं ना, तरी राहीन. इथं मला निदान हाक मारतात."

सुट्ट्यांची यादी पाहून त्यांनी पहिला दिवस ठरवला. श्रावणातली पौर्णिमा. दुपारी तीन वाजता.

त्यांच्याकडे त्या दिवशी जानवं बदलतात आणि राखी बांधतात. आमच्याकडे त्या दुपारी अख्खा गाव वाजतगाजत किनाऱ्यावर जातो, दर्याला नारळ वाहतो आणि पाऊस लागल्यापासून ओढून ठेवलेल्या होड्या पाण्याला लावायच्या तयारीला लागतो. तान्ह्या पोरालाही घरात ठेवत नाहीत. हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. देशावरच्या माणसाची फजिती पाहायची, मग नारळीभात खायला घालून त्याला सगळं सांगायचं, असा माझा बेत.

चारच्या सुमारास किनाऱ्याकडे जाताना मी मुद्दाम शाळेत डोकावलो. वर्ग झाडलेला. फळ्यावर नवं कुळ, टॉक, वॉक, चॉक. टेबलावर गुळाची ढेप, एवढी की जंजिऱ्याच्या बुरुजाला लागली असती. मास्तर खुर्चीत नव्हते, पोरांच्या बाकावर बसले होते.

"आज कुणीच नाही आलं हो," ते म्हणाले.

"पोरांचं काय, मजा असेल तिकडे पोरं," मी म्हणालो. हसू दाबून बाहेर पडलो.

संध्याकाळी सांगायचं होतं. पण किनाऱ्यावर गाणी रंगली, मलाही आग्रह झाला, आणि म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या बऱ्याच आधी, शाळेच्या पायरीवर नऊ पोरं पाट्या घेऊन बसलेली. काल सण होता म्हणून मास्तर वर्ग आज घेणार, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलेलं. मी त्यांना तिथेच बसवून हिराबायच्या पडवीकडे पळालो. वाटेत धोतर दोनदा सुटलं.

"मास्तर कुठे आहेत?"

हिराबाय जाळं उकलत होती. तिनं मान वर केली नाही.

"रेवसला गेलं, लाँच धराला. चावी ठेवलीय. खोली पायजेल तर सांगा."