अर्थिंगचं पाणी

दर रविवारी करायच्या घरकामांची माझी एक वही आहे. टाकी धुणे, कूलरच्या टपातलं पाणी बदलणे, गॅसची नळी तपासणे, अशी बावीस कामं. कॉलेजच्या कार्यालयात वर्षानुवर्षं फायली सांभाळल्या, त्यामुळे काम लिहिलं म्हणजे झालं, असं मला घरीही वाटतं. या वहीच्या तोऱ्यात मी माझ्या मोठ्या भावाचं काम घालवलं.

भाऊ नेरला टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करतो. अ‍ॅम्प्लिफायर बनवणं ही त्याची हौस. गेल्या वर्षी त्याने मला एक करून दिला. ट्रान्सफॉर्मर जुन्या यूपीएसमधला, बोर्ड बाजारातला, वर पत्र्याचा डबा निळ्या ऑइलपेंटने रंगवलेला. आवाज वाढवायला जुन्या मिक्सरचं बटण, त्यावरचे एक-दोन-तीन आकडे तसेच. यवतमाळच्या आमच्या बैठकीत तो चांगला वाजायचा. तरी पाहुणे येणार असले की मी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकायची.

एप्रिलमध्ये नेरच्या विहाराला पौर्णिमेच्या वंदनेसाठी साउंड सेट हवा होता. समितीने भावाला म्हटलं, तुमचा एखादा सेट आधी ऐकवा. आजवर घरचे ज्याला नाद म्हणायचे, त्याला पहिल्यांदाच कोणी काम म्हणत होतं. त्याच्या घरचे सेट कायम अर्धे उघडे. पूर्ण झालेला एकच, माझ्याकडचा. म्हणून एका रविवारी दुपारी तो समितीच्या दोघांना आणि वहिनीला घेऊन माझ्याकडे आला. त्यात माझे यजमान, त्यांचे एक सहकारी आणि त्या सहकाऱ्यांची बायको. भाऊ आणि मी सोडून सहा माणसं.

सेट लावला आणि बुद्धवंदनेच्या मागे बारीक घूं ऐकू यायला लागली. भावाने वायरी काढून लावल्या. घूं तशीच. मग त्याने तळवा डब्यावर ठेवला. घूं दबली. हात काढला, परत आली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, उन्हाळ्यात अर्थिंगले पाणी टाकतं ना?"

घर बांधलं तेव्हा अंगणातला अर्थिंगचा खड्डा त्यानेच उभं राहून करवून घेतला होता. कोळसा, मीठ, वर पाइप. आमच्याकडचा मुरूम उन्हाळ्यात खडखडीत कोरडा होतो. आठवड्याला दोन बादल्या ओतल्या नाहीत, तर अर्थिंग नावापुरतंच राहतं. हे त्याने तेव्हाच माझ्या वहीत लिहायला लावलं होतं.

मी म्हटलं, "माह्या घरी सारं वहीवर चालते, भाऊ. तुह्या डब्ब्याचं अर्थिंगवर नको ढकलू." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण यजमानांचे सहकारी हसले आणि मला चेव आला. "घरी बनवलेलं असंच राह्यते. पापडाले चालते, साउंडले नाही चालत."

सगळे हसले. समितीतले वयस्कर काका म्हणाले, "ताईनं पापडाची गोष्ट बरोबर केली." भाऊही हसला. "नीट करून आणतो," म्हणाला, आणि डबा पोत्यात घालून एसटीने घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात विहारात दुकानातला तयार सेट आला.

महिन्याभरात मीही एक सेट घेतला. चांगला, महागाचा, काळ्या धातूचा, रुमाल न टाकता ठेवता येईल असा. पहिल्याच संध्याकाळी त्यातून घूं निघाली. मी दुकानात फोन करून तावातावाने बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेकॅनिक आला आणि त्याने तळवा सेटवर ठेवला. घूं दबली.

"मॅडम, सेटमध्ये काही नाही. हात लावला की दबते, म्हणजे तुमचं अर्थिंग गेलं आहे."

तो गेल्यावर मी वही उघडली. एकोणिसावं काम: अर्थिंगला पाणी, दोन बादल्या. त्यावर लाल रेघ, आणि शेजारी माझ्याच अक्षरात, "टंचाई. पावसाळ्यापर्यंत बंद." रेघ मार्चमधली होती. नळ आठ-आठ दिवस येत नव्हता, म्हणून मीच मारलेली. विसरले होते, असं मला म्हणता येईल. पण भावाने विचारलं तेव्हा ती लाल रेघ माझ्या डोळ्यांसमोर आली होती. तेवढ्या माणसांपुढे माझी वही चुकीची निघू नये, म्हणून मी त्याचा डबा चुकीचा ठरवला.

सांडपाण्याच्या दोन बादल्या खड्ड्यात ओतल्या. तासाभरात सेट गप्प झाला.

रविवारी मी नेरला गेले. भावाने आधी नव्या सेटचीच चौकशी केली, आणि तीही मनापासून. भोंगे केवढे, पेटी कशाची, तबला कसा वाजतो. मी म्हटलं, तबला खरंच मोकळा वाजतो. "वाजीनच. भोंगे विकतचेच घ्या लागते, ते घरी नाही होत. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्ब्यात तुह्या सेटपाशी माह्यापेक्षा काही जास्त नाही."

मग मी अर्थिंगचं सांगितलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "हात ठेवला तवाच."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुह्या घरी, चार लोकाईत, तुले खोटी पाडू काय?"

मला वर बघवेना. त्याचा सेट परत मागायचं मी ठरवून आले होते. पण ट्रान्सफॉर्मर त्याने कधीच दुसऱ्या कुणाच्या दुरुस्तीत वापरून टाकला होता. निळा डबा अंगणात दोरीखाली होता. वहिनीने त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. मिक्सरचं बटण तेवढं जागेवर होतं.

परतताना विहारात त्या काकांना गाठलं. काय बोलायचं ते चार मुद्दे मी बसमध्येच लिहून ठेवले होते. पहिलाच सांगून झाला, "दोष माझ्या घराचा होता, सेटचा नव्हता," आणि पुढचे आठवेनात.

काका म्हणाले, "आता तं सेट घेतला ना, ताई. पण हे तुम्ही मले एकट्याले सांगून राह्यल्या. हसलो तं आम्ही सारे होतो."

घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर सहा ओळी लिहिल्या, प्रत्येक माणसाची एक. काकांची ओळ खोडली. यजमानांना त्याच रात्री जेवताना सांगितलं. समितीतल्या दुसऱ्यांना फोन केला. सहकारी आणि त्यांच्या बायकोकडे मुद्दाम गेले. त्यांना तो दिवसच नीट आठवत नव्हता. "कोणता डबा?" असं विचारलं, तेव्हा मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, पापडासकट.

पाच ओळी खोडल्या आहेत. सहावी वहिनीची. त्या दिवशी ती हसली होती की नाही, मी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर मी दोनदा नेरला जाऊन आले. दोन्ही वेळा ती अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि मी डब्यातला एकेक चिमटा तिच्या हातात देत उभी राहिले.