मधली चित्रं

आमचा दादा घरात थोरला आणि कामावर मधला. कार्टूनच्या स्टुडिओत बावीस वर्षं तो मधली चित्रं काढायचा. मुख्य चित्रकार हात खाली असलेलं एक चित्र काढणार, हात वर गेलेलं दुसरं काढणार, आणि तो हात खालून वर जाताना लागणारी पाच-सहा चित्रं दादानं काढायची. सगळे त्याला 'मधले'च म्हणायचे. पडद्यावर त्याचं नाव एकदाही आलं नाही. मी तावातावानं विचारायची, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?" तर म्हणायचा, "अगं, मधली नसली तर हात उडी मारतो." एवढं बोलून पुन्हा गप्प. घराला आग लागली तरी हा आधी पेन्सिलीला टोक करेल, असा माणूस.

मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचे डाग आणि लोकांची कटकट, त्यामुळे माझ्या तोंडाचा पट्टा कायम चालू. आमच्या आईला आम्ही दोघंच. बाबा मी चार वर्षांची असताना कामासाठी म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग स्टुडिओ बंद पडला. सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं. दादा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळच्या पाळीला जायला लागला. येताना स्टुडिओतून त्यानं स्वतःचं टेबल तेवढं आणलं होतं, खालून दिवा लागणारं काचेचं. ते त्यानं खिडकीपाशी ठेवलं आणि त्यावर वर्षभर आम्ही वाळलेले कपडे टाकत होतो.

त्याच वर्षी आईला काचबिंदू निघाला. उशिराच निघाला. ती दाराच्या चौकटीला धडकायची आणि आम्ही म्हणायचो, "जरा बघून चालत जा ना गं!" आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं. किती टिकेल? "वर्ष धरा. कमीही असू शकतं."

त्या दिवशी घरी येऊन आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो ताटांचा सीन एकदा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

हा ताटांचा सीन म्हणजे आमच्या घरातली रोजची गोष्ट. लग्नानंतर बाबांबरोबर पाहिलेला पहिला सिनेमा. त्यात एक बाई हातात ताटांची चळत घेऊन जिना उतरत असते, आणि खाली बघते तर कितीतरी वर्षांनी परत आलेला नवरा उभा. "दुसरी कुठलीही नटी असती तर धाडकन ताटं पाडली असती," आई सांगायची. "ही शहाणी. एकेक ताट पायरीवर ठेवलं तिनं. सात ताटं. मग बसली. माणूस परत आला म्हणून काय भांडी फोडायची?" आणि स्वतःच हसायची. तो सिनेमा आता कुठेच मिळत नाही. दादानं फोनवर शोधून शोधून बोटं झिजवली.

दुसऱ्या दिवशी दादानं टेबलावरचे कपडे माझ्या अंगावर टाकले आणि दिवा लावला.

सीन ऐंशी सेकंदांचा. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे नऊशे साठ. दुपारी दुकानातून आला की आईला शेजारी बसवायचा, कागद पालथे ठेवायचा आणि खोदून खोदून विचारायचा. ताट ठेवताना वाकली की गुडघ्यात बसली? आधी डावा पाय की उजवा? आई वैतागायची. "मला काय मोजायला बसवलं होतं का थेटरात?" पण सांगायची, चेहरा खुलायचा तिचा. उजेड कमी झाला की टेबल आवरायचा.

एकदा मी चहा ठेवायला गेले आणि कागद बघितले. जिना आमच्याच इमारतीचा होता, तुटक्या कठड्यासकट. बाईचा चेहरा आईचा, लग्नाच्या वेळच्या फोटोतला. आणि जिन्याखाली बाबा. माझं डोकंच फिरलं.

"दादा, शुद्धीवर आहेस का? तिचे डोळे चाललेत, आणि जाता जाता तिला हे दाखवणार?"

"सिनेमात येतो ना तो परत," दादा म्हणाला. "मग इथंही येऊ दे एकदा."

मी त्यावर भरपूर बोलले. तो पेन्सिलीला टोक करत राहिला. शेवटी मीच हात टेकले.

आई अधूनमधून म्हणायची, "झालंय तेवढं दाखव की." दादा मान हलवायचा. स्टुडिओचा नियमच होता तसा. सीन पुरा झाल्याशिवाय एक कागदसुद्धा बाहेर जायचा नाही. अर्धवट दाखवलं की सगळे नाकं खुपसतात. मीही त्याचीच री ओढली. म्हटलं, "आई, एकदमच बघ ना, मजा येईल." आईनं नाद सोडला.

सात महिन्यांनी नऊशे साठ पुरी झाली. फोन स्टँडला बांधून दादानं एकेका कागदाचा फोटो काढला, सगळे जोडले आणि एका रविवारी सकाळी टीव्हीवर लावले. मी उभीच राहिले होते. काय सांगू! आमच्या जिन्यावरून आई खाली येत होती, वीस वर्षांची, हातात ताटांची चळत.

"लागला का रे?" आईनं विचारलं. "मला नुसतं पांढरं दिसतंय. टीव्ही बिघडला की काय?"

मी तिची खुर्ची पुढं ओढली. आणखी पुढं. नाक काचेला लागेपर्यंत.

"पांढरंच आहे," ती म्हणाली. "तुझी वेणी दिसते मला. ती खिडकीची सळी दिसते. इथं काहीच नाही."

दादाचा चेहरा उतरला. त्यानं सगळं फिकट निळ्या पेन्सिलीनं काढलं होतं. मधल्या चित्रांचं काम बावीस वर्षं असंच चालायचं. हा हलक्या हातानं फिकट काढणार, कागद पुढच्या खोलीत जाणार, तिथले लोक वरून काळी पक्की रेघ मारणार. आपल्या घरात पुढची खोली नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दिव्यावर ठेवलेल्या कागदातली बारीकशी रेघही त्याच्या डोळ्यांना दिसायची, म्हणून त्याला सगळं ठसठशीत वाटत होतं.

दुकानाच्या मशीनवर त्यानं गडद प्रती काढून पाहिल्या. पण खोडलेल्या रेघा आणि बोटांचे डाग असले काळे उमटले की बाई आणि जिना वेगळे ओळखू येईनात. मग एकच उपाय उरला. काळी जाड पेनं आणली आणि नऊशे साठ कागद पुन्हा पहिल्यापासून गिरवायला घेतले. मीही बसले. जिन्याच्या सरळ रेघा माझ्याकडे, माणसं त्याच्याकडे. पहिल्या दिवशी माझा हात हलला आणि कठडा वाकडा झाला. मी म्हटलं, "राहू दे, चालेल." तर त्यानं ते चित्र नव्यानं काढलं. मी ओरडले त्याच्यावर, "अरे, तिच्याकडे वेळ कुठाय!" तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "माहितीये मला!" आणि पुढचा कागद ओढून घेतला.

अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत आई आधी ताटातली भाजी चाचपायला लागली, मग भिंत धरून चालायला लागली. मी थेंब घालत होते, वेळेवर, न चुकता. ती कधी रडली नाही. मला मात्र लाँड्रीत गिऱ्हाइकासमोर रडू फुटलं. त्या बाईला वाटलं, तिच्या साडीचं मी काहीतरी केलं.

पुन्हा रविवार, पुन्हा तीच खुर्ची. या वेळी रेघा अशा काळ्याभोर होत्या की समोरच्या इमारतीतूनही दिसाव्यात. दादानं बटण दाबलं. आई जिना उतरली, थांबली. एकेक करून सातही ताटं तिनं खाली ठेवली. पायरीवर बसली. खाली बाबा तिच्याकडे बघत उभे होते. टीव्ही काळा झाला.

आई खुर्चीत सरसावून बसली होती, हात मांडीवर, मान टीव्हीकडे.

"लाव ना रे आता," ती म्हणाली. "किती वेळ?"

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"झालं, आई," तो म्हणाला. "संपलं ते."

आईची मान हळूच खाली गेली. मग म्हणाली, "बरं. मग सांग तूच."

दादा तिच्या पायाशी बसला आणि सांगायला लागला. आयुष्यात एवढं सलग बोललेलं मी त्याला ऐकलं नव्हतं. जिना आपलाच आहे, आई. ती बाई म्हणजे तू. डावा पाय आधी, तू सांगितलंस तसा. ताटं सांगून झाली, बसणं सांगून झालं आणि तो अडखळला.

"आणि खाली?" आईनं विचारलं. "खाली कुणाला काढलंस?"

"बाबा."

हात पुढं करून आईनं टीव्हीची काच शोधली, आणि तळहात खालच्या कोपऱ्यावर टेकवून ठेवला. मी तिचा हात धरायला पुढं झाले, पण तिनं मला बाजूला केलं.

"मला दिसत होतं तेव्हा दाखवायचं होतंस रे," ती म्हणाली.

"हो, आई," दादा म्हणाला.