प्रॉबेब्लीची आठ अक्षरं

आमच्या लॅबमध्ये टायपिस्टबाईंना एकोणीस वर्षं झाली. त्यातली सतरा आम्ही त्यांना 'प्रॉबेब्लीबाई' म्हणतो, तेही तोंडावर. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघत इंग्रजीत जे रेकॉर्ड करून ठेवतात, ते बाई हेडफोन लावून टाइप करतात. मी शेजारच्या टेबलावर गाठींच्या तुकड्यांचे पातळ काप काढून काचेवर चढवतो. दिवसभर असलं काम, म्हणून थट्टा लागतेच.

प्रॉबेब्ली हा डॉक्टरांचा लाडका शब्द. आपल्याकडे 'बहुतेक येतो' म्हणणारा माणूस हटकून येत नाही. डॉक्टरांचं प्रॉबेब्ली मात्र बहुधा खरं होतं, असं बाई सांगायच्या. त्यातही त्यांनी प्रकार पाडले होते. भरभर बोलून गेले, तर उद्या कुणी अंगावर येऊ नये म्हणून. आधी खाकरले, तर त्यांना कळलेलं आहे, फक्त जीभ रेटत नाही. आणि शब्दच नसला, तर शंकेला जागाच नाही. खिडकीशी येऊन नातेवाईक या शब्दाचा अर्थ विचारत, तेव्हा बाई "डॉक्टरांना विचारा" म्हणत आणि कीबोर्डकडे वळत. मला तो कोरडेपणा वाटायचा. मी मूर्ख होतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला. काप मीच काढले, आणि पहिले दोन बिघडवले. बहीण महाहट्टी. तिनं ताईला बजावलं होतं की कागदावर तुझा तो शब्द असेल, तर मी ऑपरेशन करून घेणार नाही, बहुतेकसाठी कोण स्वतःला कापून घेतं. सर्जन म्हणाले होते, गाठ वाईट निघाली तर आठवडाभरसुद्धा थांबू नका. ती बोलल्याप्रमाणे वागणारी, हे बाईंना ठाऊक होतं. तीन दिवस त्यांनी डबा उघडला नाही. टेलिफोन वाजला की दचकायच्या. रिपोर्ट दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊ या का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर?

गुरुवारी सकाळी अकराला त्यांनी तो रेकॉर्ड लावला. मी काप सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. टायपिंग थांबलं, बाईंनी खुर्चीला पाठ टेकली आणि म्हणाल्या, "शब्द आहे." म्हणजे शंकेला जागा होती. माझ्याही जिवात जीव आला.

बाईंची एक शिस्त होती. टाइप झालं की रेकॉर्ड पुन्हा लावायचा आणि ऐकत ऐकत पडद्यावर ओळीखालून बोट फिरवायचं. त्या दिवशीही त्यांनी बोट फिरवलं. शेवटच्या ओळीवर ते अडलं. त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं, मग हेडफोन माझ्या हातात दिला. मी ऐकलं. डॉक्टर खाकरले नव्हते. थांबलेही नव्हते. कॅन्सरच्या आधी कुठलाच शब्द नव्हता. तो बाईंच्या बोटांनी आपणहून घातला होता, आणि त्यांच्या कानांनी तो ऐकलाही होता.

"नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

डॉक्टर सही करताना वाचत नाहीत. बाईंवर त्यांचा तेवढा विश्वास. शब्द तसाच ठेवला असता, तर आम्हा दोघांखेरीज कुणाला कळलं नसतं. 'खोडा' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, याची मला अजून लाज वाटते. एका बोटानं बाईंनी एकेक अक्षर खोडलं. आठ वेळा तो खटका मी ऐकला.

चार वाजता बहीण खिडकीशी आली. तिनं उभ्याउभ्या रिपोर्ट वाचला, मग ओळींखालून बोट फिरवत परत वाचला, अगदी ताईसारखा.

"ताई, तुझा शब्द नाहीये यात."

"नाही."

"नीट टाइप केलंस ना?"

"चारदा ऐकून केलंय," बाई म्हणाल्या. खिडकीची चौकट त्यांनी घट्ट धरली होती.

बहिणीनं कागदाची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. तिचा सगळा हट्ट कुठच्या कुठे गेला होता.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "सोमवारी ऑपरेशनला बरोबर येशील?"

"येते," बाई म्हणाल्या.