बुडालेल्या डोंग्याची सुटका

आता माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगते. हसा खुशाल, फक्त चहाचा घोट तोंडात असताना नको!

सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये पाण्याच्या नियोजनाचं शिक्षण घेऊन मी हिंगणीजवळच्या आमच्या गावी परतले, ती गाव बदलायलाच. पहिला बेत ठरला : तलावावर उन्हाळी नौकाविहार! फक्त नाव हवी होती.

आणि ती मला दिसली. कुठे? पाण्याखाली! काठाजवळ, कंबरभर पाण्यात, अख्खा लाकडी डोंगा तळाशी बसलेला. आत हे मोठाले दगड! डोंगा तान्बाकाकांचा. त्यातूनच ते जाळं टाकतात, त्यावरच त्यांचं घर चालतं. काका गिरडला लेकीकडे गेलेले. म्हणजे म्हाताऱ्याच्या पाठीमागे कुणीतरी डाव साधला, आणि सगळं गाव गप्प?

मी चुलतभावाला, सचिनदादाला, ट्रॅक्टर घेऊन बोलावलं.

"अवं, थो डोंगा बुडाला नाई, थो त..."

मी वाक्य पुरं होऊ देईन तर ना! "दादा, हीच उदासीनता गावाला मारते!"

"बरं बापा. तू शिकून आली, तुले जास्त समजते," म्हणत त्यानं दोर बांधला.

दगड उपसले, डोंगा ओढला. आमचे बैल निंबाखाली गेले आणि डोंगा गोठ्यात टिनाखाली आला. तिकडे स्कॉटलंडात हंगाम संपला की नावा अशाच कोरड्या छपराखाली ठेवतात. घरापासून दहा पावलांवर, केवढी सोय! मी फोटो काढले, स्टेटस ठेवलं. नवतपा सुरू होता, मे अखेरचे ते होरपळवणारे नऊ दिवस. टिनावर पापड भाजावा असं ऊन. म्हटलं, छान, लवकर वाळेल!

वाळला हो! तिसऱ्या दुपारी गोठ्यातून आवाज आला : फाट! डोंग्याच्या बुडाला हातभर लांब चीर. पलीकडचा उजेड दिसत होता.

त्याच संध्याकाळी काका आले. चीर काय, ओलावा मिळाला की दुरुस्त होईल, असं मनाला समजावत मी छाती काढून म्हटलं, "काका, बुडालेला डोंगा वाचवला तुमचा!"

काकांनी चिरेवरून नख फिरवलं.

"काऊन काढला वं पोरी?"

"बुडाला होता ना!"

"बुडाला नोता. म्या बुडवला होता. उनानं लाकूड तडकते, म्हून दगडं भरून पान्यात ठेवतो. माहा बापबी असाच ठेवे. आता मिरगापर्यंत चीर बुजली त ठीक. नाई त जाळं काय तुह्या ट्रॅक्टरवरून टाकू?"

पुन्हा तोच ट्रॅक्टर, तेच दगड. मी रोज पाण्यात उतरून चीर चाचपायची. आधी नख जायचं. मग अर्धं नख. मग, अहो, तेही जाईना! पाऊस लागला, डोंगा वर काढला, आणि एक थेंब आत आला नाही. काकांनी पहिली फेरी मला मारून आणली. तलावाच्या मधोमध मला वाटलं, सहा वर्षांत शिकले नाही ते या माणसानं दगड टाकून शिकवलं. हे माझं गाव!

उतरताना मी ऐटीत विचारलं, "काका, पुढच्या उन्हाळ्यासाठी काही सुधारणा?"

"एक बोर्ड पायजे."

रंग, ब्रश घेऊन मी बसलेच. काका सांगत गेले, मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले : 'डोंगा बुडालेला नाही. बुडवलेला आहे. कृपया वाचवू नये.'

सचिनदादा म्हणाला, "पन काका, गावात हे कोनाले ठाऊक नाई?"

"लिवून राह्यली ना," काका म्हणाले, "तिले."