शिट्टी वाजेपर्यंत

त्या लीगचा अख्खा हंगाम मी यवतमाळच्या एका बंद हॉलात काढला. हॉल कबड्डीचाच, पण तिथं कबड्डी ऐकूच येत नव्हती. चारी बाजूनं भोंगे, डोळ्यात जाणारे दिवे, खाली मॅट अन् पायात बूट. बूट घालून कबड्डी, बाप्पा! आमच्या बोरी अरबच्या मैदानावर असं कोणी उतरलं असतं त पोट्ट्यांनी त्याची वरात काढली असती.

करारावर सही केली तवा घरी पेढे वाटलते. महिन्याभरात समजलं, मी खेळायले नाही, बसायले आलतो. संघात बारा जण, मी बारावा. सकाळी सराव, दुपारी सराव, संध्याकाळी सामना असला की खुर्ची. राहणं हॉलच्याच वरच्या मजल्यावर, खाली फाटकावर चौकीदार. विचारल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही, अन् दुसरीकडं खेळायचं त नावच काढायचं नाही. फोन दिवसातून एक तास हातात. खिडकीतून दारव्ह्याकडं जाणाऱ्या जीपा दिसत. गाव तासाभरावर, अन् मी गजाले नाक लावून उभा. लय चिडत होतो मी. जेवताना चिडत होतो, अंघोळ करताना चिडत होतो, अन् सही त माह्याच हातची, म्हणून सांगू कोणाले?

अशात एका संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माह्याहून आठ वर्षांनी मोठा सख्खा भाऊ. डाव्या कोपऱ्यात उभं राहून घोटा कसा धरायचा ते त्यानंच मले शिकवलं. उजवा कोपरा त्याचा, डावा माहा, वस्तीचा संघ आम्ही असाच खेळवत आलो. पण त्याचा गुडघा पार कामातून गेलता.

"परवा चार वाजता गावच्या मैदानावर फायनल हाये," म्हणे. "माहं हे शेवटचंच, लेका. येशीन ना?"

"येतो" म्हणून बसलो. मंग कोचकडं गेलो. कोच पुण्याकडले, बोलणं गोड, माणूस कडू.

"उद्या जिंकलो तर परवा सगळ्यांना सुट्टी," ते म्हणाले. "हरलो तर दिवसभर सराव. जायचंय ना गावाला? मग देवाला सांग."

आमच्या घरी देव नाहीत, बुद्धाचा फोटो हाये. त्याच्याकडं मागायची सवय नाही. तरी दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून मी सारखं मागून राह्यलो होतो.

सामना संपत आला तवा आम्ही एका गुणानं पुढं होतो. अन् आमच्या डाव्या कोपऱ्याचा पाय मुरगळला. कोच वळले, खुर्चीकडं पाहून म्हणाले, "ऊठ."

शेवटची चढाई त्यांची होती. आलेल्याले अडवलं की सामना आपला. त्यानं माह्याकडं पाय टाकला, अन् मी घोटा धरला. तो आडवा झाला. आमच्यातल्या एकानं त्याची कंबर धरली, मी त्याच्या पाठीवर पडलो. माहा कान त्याच्या मानेले लागला. भोंग्यांच्या गोंगाटात कोणाले ऐकू आलं नसन, पण मले ऐकू आलं. कबड्डी, कबड्डी, कब... अन् दम तुटला.

आमच्या गावात याच्यापुढं काही नसते. दम तुटला की गडी बाद, धरलेला हात उघडायचा. पंच लांब असतो, ज्याचा कान जवळ तोच खरा पंच. त्याच्यानंतरही कोणी दाबून धरलं त म्हातारे मैदानात येऊन कानफटात मारतात, मंग तो आपल्या वस्तीचा का असेना.

मी हात उघडला.

तो गडी सापावानी सटकला, मधल्या रेघेले हात लावला, अन् मंग शिट्टी वाजली. आम्हा दोघांचे दोन गुण त्याले. एका गुणानं हरलो. माही नजर मॅटवरून उठत नव्हती.

त्या रात्री फोन हाती मिळाला नाही, अन् दुसऱ्या दिवशी दिवसभर सराव. दुपारी कोचनं मले मधात घेतलं, आमच्यातलाच एक जण माह्या हाताखाली दिला. "धर. शिट्टीपर्यंत सोडायचं नाही."

मी धरलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलते. खाली त्याचा दम तुटला, मले साफ समजलं. शिट्टी कोचच्या ओठात होती, डोळे माह्यावर. खालचा मॅटवर हात आपटून राह्यला होता. मी सोडलं नाही. त्याचा चेहरा काळानिळा झाला तरी सोडलं नाही. मंग शिट्टी वाजली.

"शाब्बास," कोच म्हणाले.

संध्याकाळी फोन हाती आल्याबरोबर दादाले लावला.

"हरलो," तो म्हणे.

"डाव्या कोपऱ्यात कोण होतं?"

"कोणी नाही. आम्ही सहाच उतरलो. वाटलं, उशिरा का होईना, येशीन." मंग म्हणे, "तुहा सामना पाह्यला आम्ही. सारी वस्ती शिव्या देऊन राह्यली तुले. मले सांग, त्याचा दम तुटलता ना?"

"हाव, दादा. माह्या कानापाशी तुटला."

"मंग सोडलं ते बरोबर केलं. असाच राह्य."

चार वाजता मी काय केलं, ते मले त्याले सांगता आलं नाही.