मौलवीसाहेबांची काडेपेटी

४ नोव्हेंबर. मी ट्रेला तूप लावत होते, तेवढ्यात मौलवीसाहेब देवगाव फाट्याला उतरून चालत आले. आमच्या बचत गटाची नानकटाई आखाती देशात जाते. त्यासाठी उलेमांच्या संस्थेचा हलाल शिक्का लागतो आणि तपासणीला दर वेळी हेच येतात. चप्पल उंबऱ्याबाहेर, चष्म्याला दोरी, तपासणी संपेपर्यंत चहा नाही. प्रत्येक लेबल ओठ हलवत वाचतात, “बराबर” म्हणतात आणि पुढे सरकतात.

त्या दिवशी माझ्या हातातल्या नव्या ब्रशापाशी ते थांबले. “ताई, काडेपेटी हाय का?”

ब्रशाचा एक केस ओढून त्यांनी जाळला आणि वास घेतला. “प्लास्टिक न्हाई, जनावराचा केस हाय. डुकराचा असंल, नसंल. शक हाय तर शिक्का न्हाई.”

“अवो, उद्या गाडी भरायचीय,” गटातली शांता म्हणाली. “ब्रश कोण खायलाय?”

“तिकडचा माणूस माझा शिक्का बघून खातो, बाई. त्याला फसवू का मी?”

ते चहा न घेताच गेले. तयार माल आम्ही बाजूला काढला, सगळे ट्रे धुतले. गाडी लांबली, शांता दिवसभर धुसफुसली. मला मात्र आपल्या डब्यावर अशा माणसाचा शिक्का असतो याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरा ब्रश घ्यायला दुकानात गेले. “नायलॉनचाच हाय, मावशी,” दुकानदार म्हणाला.

मी पिशवीतून काडेपेटी काढली.