पालथ्या राण्या

अगं मुग्धा, समोर असतीस तर आधी कानच धरला असता तुझा. सोसायटीच्या हॉलमधली पोकरची स्पर्धा संपली आणि मावशीला न भेटताच पळालीस होय गं?

तुझ्या पाठीशीच तर बसले होते मी. सगळ्यांना सारख्या प्लास्टिकच्या चकत्या, त्या संपल्या की उठायचं, एवढं मला कळलं होतं. गेल्या वर्षी तू पहिल्याच डावात उठलीस, तर वर्षभर सगळे चिडवत होते, "मुग्धा म्हणजे चहा यायच्या आत घरी!" यंदा तिसऱ्याच डावात तुझ्या हातात दोन राण्या आल्या. मीच हरखले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी आपल्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. तूही लावल्यास तर एक तर दुप्पट, नाहीतर घरी.

"काय मुग्धाताई, आहे का हिंमत?"

तू क्षणभर पाहिलंस आणि राण्या पालथ्या सरकवून दिल्यास. "हा डाव सोडला, काका. मला अजून खेळायचंय."

अंगावर काटा आला बघ. मेंढीकोटात हुकमाचं पान आलं की पहिल्याच हाताला मारून मोकळी होणारी बाई मी! भांडणातसुद्धा हुकमी वाक्य सुचलं की मला दम निघत नाही. चांगलं पान हातात असताना खाली ठेवायला केवढं बळ लागत असेल! काकांकडे काय होतं, तू विचारलंही नाहीस. मला मात्र अजून चुटपुट आहे.

मग चहा आला. तू जागेवरच होतीस.

ये ना लवकर. पत्ते काढून ठेवते. पान खाली कसं ठेवायचं, तेवढं शिकव मला.